सफाई रोबोला आपलं घर शिकवताना: सातारा-सांगलीच्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

केर काढणारा आणि फरशी पुसणारा रोबो घरी आला की बहुतेक घरांत तो खोक्यातून काढतात, चार्ज करतात, बटण दाबतात आणि ‘शिकेल हळूहळू’ म्हणून सोडून देतात. शिकतो तो खराच, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याच्यासमोर जे येईल तेवढंच. त्या दिवसांत घरात पाहुणे असतील, खुर्च्या अस्ताव्यस्त असतील आणि बटण वाटेल त्या वेळी दाबलं जात असेल, तर तोच पसारा त्याच्या लेखी आपलं घर ठरतो. म्हणून हे तीन आठवडे नीट आखून घ्यावेत. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

तो नेमकं काय शिकतो

2001 साली इलेक्ट्रोलक्सचा ट्रिलोबाइट आणि 2002 साली आयरोबोटचा रूम्बा बाजारात आला. सुरुवातीच्या रूम्बाकडे घराचा नकाशा नव्हता. तो भिंतीला धडकायचा, वळायचा, पुन्हा निघायचा. कॅमेऱ्याच्या आधारे नकाशा करणारा रूम्बा 980 आला 2015 मध्ये. वापरणाऱ्याच्या सवयी पाहून अ‍ॅपमधून वेळा आणि जागा सुचवण्याची सोय त्या कंपनीने 2020 मध्ये आणली, आणि आता मध्यम किमतीच्या बऱ्याच यंत्रांत तसं काही ना काही असतं.

आजच्या यंत्राच्या डोक्यावर जी छोटी फिरती टोपी दिसते तिला लायडर म्हणतात. ती लेझरचा किरण चारी बाजूंना फिरवून भिंती आणि वस्तू किती अंतरावर आहेत ते मोजते. चाकं किती फिरली याची नोंद त्याला जोडली जाते आणि दोन्ही मिळून नकाशा बनतो. ही झाली पहिली शिकवण. दुसरी म्हणजे केर कुठे जास्त पडतो. काही यंत्रांत कचरा आत येण्याच्या वाटेवर सेन्सर असतो, कणांचा मारा वाढला की यंत्र तिथे पुन्हा फिरतं. तिसरी म्हणजे तुम्ही. कोणती खोली, कोणत्या वारी, किती वाजता झाडायला सांगता, यावरून अ‍ॅप वेळापत्रक सुचवतं.

चौथी गोष्ट तो तुमच्या घरी शिकत नाही. वायर, चप्पल, मोजे ओळखणं हे कॅमेऱ्याच्या यंत्रांना कारखान्यातच हजारो चित्रं दाखवून शिकवलेलं असतं. आपल्याकडचा पाट, सूप, विळी, जातं त्या चित्रांत असेलच असं नाही. ‘वस्तू ओळखतो’ असं खोक्यावर लिहिलंय म्हणून विळी जमिनीवर ठेवून त्याला सोडू नका.

विकत घेण्याआधी मोजपट्टी

लायडरचा रोबो साधारण 9.5 ते 10 सेंटिमीटर उंच आणि 35 सेंटिमीटर रुंद असतो. कॉट, दिवाण, सोफा यांच्याखाली किमान 11 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. जागा 9.8 असेल तर जास्त घोळ होतो, कारण तो आत शिरतो आणि टोपी अडकून बसतो. अशा फर्निचरच्या पायांखाली 2 सेंटिमीटर जाडीच्या लाकडी गट्ट्या द्या, नाहीतर ती जागा सरळ बंद करा.

मग उंबरे. बहुतेक यंत्रं 2 सेंटिमीटरपर्यंतच चढतात. नव्या फ्लॅटमध्ये खोल्यांच्या दारात ग्रॅनाइटची बैठी पट्टी असते, ती चालून जाते. जुन्या वाड्यात सोपा आणि माजघर यांच्यामधला उंबरा मात्र 4-5 सेंटिमीटर किंवा त्याहून उंच असतो. तिथे उतार करावा लागतो. नियम सोपा आहे: उंबऱ्याची उंची गुणिले पाच, इतकी उताराची लांबी. 4 सेंटिमीटरच्या उंबऱ्याला दोन्ही बाजूंना 20-20 सेंटिमीटर. रुंदी किमान 45 ठेवा, म्हणजे थोडा तिरका आला तरी चाक बाहेर घसरत नाही. 12 मिलिमीटर जाडीचा वॉटरप्रूफ प्लाय घेऊन सुतारालाच सांगा, पुढची कड 3-4 मिलिमीटरपर्यंत तासून घ्या आणि वर खरखरीत रबर मॅट चिकटवा. गुळगुळीत सनमायका लावलात तर चाक जागच्या जागी फिरत राहील. मुख्य दाराच्या उंबऱ्याला हात लावू नका. त्याची पूजा होते, हळद-कुंकू लागतं, आणि तीच यंत्राची आपसूक सीमाही होते.

उंचवट्यापेक्षा खोलगट जागा जास्त फसवते. रोबोच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात. जमिनीवरून परत येणारा प्रकाश नाहीसा झाला की तो ‘पुढे जिना आहे’ असं समजून मागे फिरतो. जिन्याची पायरी त्याला नक्की कळते. पण मोरी किंवा न्हाणीघराची 2-3 सेंटिमीटरची खालची पातळी त्याला खड्डा वाटतच नाही. तो आरामात उतरतो आणि वर चढता येत नाही म्हणून ओल्यात बसून राहतो. घरातली अशी प्रत्येक जागा आधीच लिहून ठेवा, पुढे बंदी घालताना यादी लागेल.

याच सेन्सरमुळे काळी फरशी अडचणीची ठरते. काळा कडाप्पा किंवा काळा ग्रॅनाइट प्रकाश शोषून घेतो, मग यंत्राला सपाट जमीनही खड्डा वाटते. सेन्सरवर पांढरा कागद चिकटवायचा उपाय सांगणारे भेटतील. घरात एक जरी जिना असेल तरी तो करू नका, यंत्र गडगडत खाली जाईल. दुकानदाराला यंत्र घरी आणून त्याच फरशीवर चालवून दाखवायला सांगणं हा त्यातला खात्रीचा मार्ग. शहाबादी फरशीवर सेन्सरची तक्रार सहसा नसते, पण सांधे खोल असतील तर त्यातली माती एका फेरीत निघत नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हे यंत्र चालवूच नका.

शेवटचं म्हणजे दुरुस्ती. सातारा, सांगली, मिरजेत प्रत्येक कंपनीचं सेवा केंद्र असेलच असं नाही. आपल्या पिनकोडवर घरून नेण्याची सोय आहे का, आणि ब्रश, फिल्टर, बॅटरी सुटे मिळतात का, एवढं खरेदीआधी विचारा. अ‍ॅप असलं तरी त्याच्याविना, नुसत्या बटणावरही चालू शकणारं यंत्रच घ्या. नीटो ही या क्षेत्रातली जुनी कंपनी 2023 मध्ये बंद झाली. कंपनी गेली की अ‍ॅपचा भरवसा राहत नाही, बटण राहतं.

पहिला दिवस: डॉक, वाय-फाय, नकाशा

डॉक म्हणजे चार्जिंगची बैठक. ती भिंतीला पाठ लावून ठेवा, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर आणि पुढे दीड मीटर जागा मोकळी सोडा. समोर आरसा नको, थेट ऊन नको. डॉक जो इन्फ्रारेड इशारा देतो तो उन्हात हरवतो. एकदा ठेवलेली डॉक हलवू नका, नकाशाची मोजणी तिथूनच सुरू होते. झाडलोट करायला मावशी येत असतील तर त्यांनाही हे आधीच नीट सांगा. केर काढताना डॉक दोन फूट सरकवली गेली तर संध्याकाळी यंत्र वाट चुकतं, आणि बोल विनाकारण त्यांना बसतो.

बरीच यंत्रं 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायलाच जोडली जातात. घरच्या राउटरवर 2.4 आणि 5 एकाच नावाने चालत असतील तर जोडणी पुन्हा पुन्हा अपयशी ठरते. राउटरच्या सेटिंगमध्ये 2.4 ला वेगळं नाव द्या, जोडणी होईपर्यंत फोनही त्यावरच ठेवा आणि फोनचं लोकेशन चालू ठेवा.

नकाशाची फेरी या क्रमाने घ्या:

1. यंत्र पूर्ण चार्ज करा. पुसण्याचं फडकं आणि पाण्याची टाकी काढून ठेवा.
2. घर रोज जसं असतं तसं लावा. खुर्च्या नेहमीच्या जागी, आतली सगळी दारं सताड उघडी, पडद्यांची टोकं जमिनीपासून वर.
3. वाकळ, सतरंज्या, चटया गुंडाळून उचला. झालरीचे धागे ब्रशमध्ये गुंततात.
4. फोनचे चार्जर, इस्त्रीची वायर, टीव्हीमागच्या केबल जमिनीपासून किमान 12 सेंटिमीटर वर बांधा.
5. जमिनीपर्यंत येणारा आरसा किंवा कपाटाची काच असेल तर जमिनीपासून 8 ते 11 सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्यात मास्किंग टेप लावा. लायडर त्याच उंचीवर पाहतो. टेप नसेल तर आरशापलीकडे आणखी एक खोली आहे असं तो नकाशात काढतो.
6. अ‍ॅपमध्ये फक्त नकाशा करण्याची झटपट फेरी असेल तर ती निवडा. कॅमेऱ्याचं यंत्र असेल तर दिवसा, नाहीतर दिवे लावून. लायडरला अंधार चालतो.
7. फेरी संपेपर्यंत त्याला उचलू नका आणि त्याच्या पुढे-मागे फिरू नका. उभ्या माणसाचे पाय त्याला खांबासारखे दिसतात.

नकाशा तयार झाला की खोल्यांची नावं द्या आणि चुकीच्या जोडलेल्या खोल्या वेगळ्या करा. घरातली माणसं जे नाव घेतात तेच द्या: सोपा, माजघर, आजीची खोली. पुढे आजीलाच फोनवरून ‘सोपा झाड’ असं निवडता आलं पाहिजे. मग नकाशाची प्रत अ‍ॅपमध्ये जपून ठेवण्याची सोय असेल तर आत्ताच ठेवा. तिचा उपयोग गणपतीत होतो.

बंदीच्या जागा

मोरी, न्हाणीघर आणि परसदाराकडे उतरणारी पायरी यांवर अ‍ॅपमधल्या नकाशात पूर्ण बंदी घाला. देवघरापुढे किमान एक मीटरची पुसण्याची बंदी घाला, झाडणं चालेल. सांडलेलं कुंकू ओल्या फडक्याखाली आलं की फडकं लाल होतंच, शिवाय पुढच्या दोन खोल्यांत त्याचे पट्टे उमटतात. समईचं तेल चाकाला लागलं तर चाक घसरतं आणि चाकाच्या मोजणीवर उभा असलेला नकाशा वाकडा होतो.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. डासांची पेटती कॉइल, उदबत्ती, धुपाटणं, पणती जमिनीवर असताना यंत्र कधीही चालू नको. जळतं टोक आत ओढलं गेलं तर आतल्या कोरड्या केराला आग लागू शकते. रात्री कॉइल लावत असाल तर रात्रीचं वेळापत्रक ठेवूच नका.

तीन आठवडे कसे काढायचे

पहिल्या आठवड्यात फक्त झाडणं, रोज एकाच वेळी, आणि घरात कोणीतरी जागं असताना. तो कुठे अडकला ते कागदावर लिहा: जागा आणि कारण. अ‍ॅप आपली नोंद ठेवतंच, पण कारण त्याला कळत नाही.

दुसऱ्या आठवड्यात कागद घेऊन बसा, कारण आता अ‍ॅप सुचवू लागतं: ‘इथे वारंवार अडकतो, ही जागा बंद करू का?’ पटकन हो म्हणू नका. डायनिंग टेबलाखाली तो चार वेळा अडकला तर बंदी स्वीकारल्यावर घरातला सगळ्यात जास्त खरकटं पडणारा कोपरा कायमचा न झाडलेला राहतो, आणि यंत्र मात्र ‘काम पूर्ण’ दाखवतं. आधी कारण काढा. खुर्च्यांचे पाय 35 सेंटिमीटरपेक्षा जवळ आहेत का? मग त्या वेळेपुरत्या खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवा. वायर काढता येत नसेल, गट्टी देता येत नसेल, तिथेच बंदी घाला. शिकणाऱ्या यंत्राच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान याच एका ठिकाणी होताना दिसतं.

तिसऱ्या आठवड्यात वेळापत्रक बांधा. नळाला पाणी येण्याची वेळ टाळा, त्या तासाभरात स्वयंपाकघर आणि मोरीच्या आसपास ओलं असतं. जमिनीवर पंगत बसत असेल तर जेवणानंतर पाऊण तासाने स्वयंपाकघर आणि माजघर, दुपारी सोपा, अशी विभागणी बरी. सगळं घर एकदम झाडण्यापेक्षा हे चांगलं, कारण खोलीनिहाय वापरावरूनच अ‍ॅप सूचना करतं. रोज ‘सगळं घर’ दाबलं तर त्याला फरक कळायला काही उरत नाही. रांगतं बाळ किंवा काठी घेऊन चालणारं माणूस घरात असेल तर ते त्या खोलीत असताना यंत्र तिथे नको. पायात आलेली दहा सेंटिमीटर उंचीची वस्तू म्हाताऱ्या माणसाला पाडते.

वीज गेली तर

डॉकची वीज गेली की तिचा इशाराही जातो. फिरत असलेला रोबो घरभर तिला शोधतो आणि बॅटरी संपवून कुठेतरी थांबतो. म्हणून डॉक आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. साध्या डॉकला चार्जिंगसाठी फार वीज लागत नाही. पण स्वतः केर ओढून घेणारी डॉक ओढण्याच्या 10-20 सेकंदांत शेकडो वॅट खेचते, लहान इन्व्हर्टर तिथे ओव्हरलोड होतो. अशा डॉकला साधी लाइन द्या आणि आपोआप रिकामं करणं वीज असतानाच्या वेळेला लावा. गावाकडे दाब वर-खाली होतो, तिथे अ‍ॅडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलंय ना ते पाहा आणि मध्ये स्पाइक गार्ड लावा.

पाणी आणि फडकं

नकाशा पक्का झाल्यावरच पुसायला लावा. बोअरचं पाणी जड असेल तर टाकीच्या बारीक छिद्रांत क्षार साचतो आणि दोन-तीन महिन्यांत फडकं एका बाजूने कोरडं राहू लागतं. टाकी 200-300 मिलिलिटरची असते, तेवढं आरओचं पाणीच वापरा, नुसतं गाळून क्षार जात नाहीत. फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीचिंग टाकीत नको, आतलं रबर आणि पंप खराब होतो. काम झाल्यावर टाकी रिकामी करा आणि फडकं काढून उन्हात वाळवा. पावसाळ्यात ओलं फडकं यंत्रालाच राहिलं तर कुबट वास फरशीभर पसरतो.

ऊस, पाऊस आणि सण

साखर कारखान्याच्या किंवा पेटवलेल्या पाचटाच्या वाऱ्यात घर असेल तर गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, गच्ची आणि खिडक्यांतून काजळी येते. ती हलकी आणि चिकट असते, फिल्टरच्या घड्यांत बसते आणि ओढ कमी करते. या काळात फिल्टर आठवड्यातून दोनदा झटका आणि आधी कोरडं झाडणं पूर्ण करूनच पुसायला लावा. एकाच फेरीत दोन्ही केलं तर काजळीचे काळे ओरखडे फरशीवर राहतात.

हळद, तिखट, पीठ सांडलं तर हातानेच भरा. इतकी बारीक पूड फिल्टर एका फेरीत बुजवते आणि ओलसर हवेत तिचा गोळा होतो. पाटण-महाबळेश्वराकडच्या पावसात दारापाशी चिखल वाळल्याशिवाय यंत्र सोडू नका. माण, खटाव, जतच्या कोरड्या धुळीत उलट अडचण: केराचा डबा 300-500 मिलिलिटरचाच असतो, उन्हाळ्यात तो प्रत्येक फेरीनंतर रिकामा करावा लागतो.

गणपती, सत्यनारायण, हळदी-कुंकू, लग्नघर: फर्निचर हलणार असेल त्या दिवसांत वेळापत्रक बंद ठेवा. बरीच यंत्रं फिरताना नकाशा आपोआप बदलतात. मखर आणि चौरंग त्यांना नव्या भिंती वाटतात आणि विसर्जनानंतरही तो कोपरा ‘अडलेला’ राहतो. तसं झालंच तर जपून ठेवलेली प्रत परत चढवा.

देखभाल

आठवड्यातून एकदा मुख्य ब्रश काढा. लांब केस मधल्या भागापेक्षा दोन्ही टोकांच्या बेअरिंगमध्ये जास्त जातात, तिथली टोपी काढून कात्रीने कापा. पुढचं छोटं चाक ओढून बाहेर येतं, त्याच्या आसालाही केस असतात. ते अडलं की फरशीवर ओरखडे येतात. पोटाखालचे सेन्सर आणि चार्जिंगच्या पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा. फिल्टरवर धुता येतो अशी खूण असेल तरच धुवा आणि किमान 24 तास, पावसाळ्यात 48 तास, सावलीत वाळवा. ओला फिल्टर बसवला तर धूळ लगदा होऊन मोटारीवर ताण येतो. म्हणून दोन फिल्टर आलटून पालटून वापरा. फिल्टर आणि बाजूचा ब्रश साधारण 3 ते 6 महिन्यांत, मुख्य ब्रश 6 ते 12 महिन्यांत बदलावा लागतो. महिनाभर गावाला जाणार असाल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून यंत्र पूर्ण बंद करा.

नेहमीच्या तक्रारी

जागच्या जागी गोल फिरतो: एका चाकात केस किंवा दोरा असतो. सतत मागे सरकतो: पुढचा बंपर खड्याने अडकलेला असतो, हाताने दाबून दोन्ही बाजू मोकळ्या होतात का ते पाहा. मोकळ्या जागेतच ‘खड्डा’ म्हणून थांबतो: पोटाखालचे सेन्सर धुळीने झाकलेत किंवा खाली काळी फरशी आहे. नकाशा वाकडा, खोल्या एकमेकींवर: उचलून दुसरीकडे ठेवला, किंवा चाक ओल्या-तेलकट फरशीवर घसरलं. डॉकवर बसतो पण चार्ज होत नाही: पट्ट्यांवर मळ किंवा क्षार आहे. निम्म्या घरातच बॅटरी संपते: आधी ओढीची पातळी पाहा, सगळ्यात जोरात ठेवली तर चालण्याचा वेळ निम्म्यावर येतो. रोजच्या केराला मधली पातळी पुरते.

कॅमेरा आणि नकाशा कुणाच्या हाती

घराचा नकाशा, माणसं घरी नसण्याच्या वेळा, कॅमेरा असेल तर चित्रं, हे सगळं बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जातं. चाचणीच्या सफाई रोबोंनी टिपलेली घरातली खासगी चित्रं समाजमाध्यमांवर पोचल्याचं 2022 मध्ये उघड झालं होतं. त्यामुळे अ‍ॅप चालू करतानाच ‘सुधारणेसाठी चित्रं पाठवा’ ही परवानगी बंद करा, दुरून कॅमेरा पाहण्याची सोय नको असेल तर तीही बंद ठेवा, आणि पासवर्ड घरच्या वाय-फायचाच पुन्हा वापरू नका. केवळ लायडरवर चालणारं यंत्र घराची चित्रं काढत नाही, ज्यांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्यांनी तेच घ्यावं. यंत्र विकताना किंवा नातेवाइकाला देताना आधी अ‍ॅपमधला नकाशा पुसा, मग यंत्र खात्यातून काढा, आणि शेवटी यंत्रावरचं रीसेटचं बटण दाबून ते कोरं करा. हा क्रम उलटा केला तर यंत्र कोरं होतं, पण नकाशा तुमच्या नावावर सर्व्हरवर तसाच राहू शकतो.